मुघल छावणीतून मराठे कसे दिसायचे? शत्रूनेच लिहून ठेवलेली २५ वर्षांच्या लढाईची गोष्ट

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' प्रदर्शित झाला. मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून आंदोलनं सुरू झाली, नागपुरात हिंसाचार झाला आणि काही भागांत संचारबंदी लावावी लागली. जुलैमध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात महाबळेश्वरजवळचा प्रतापगड आहे आणि थेट तामिळनाडूतला जिंजीही आहे.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जाते. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला मुघल, आणि मुघल सैनिक मराठ्यांना एकतर तुच्छ समजत होते किंवा त्यांना पाहून थरथर कापत होते. सिनेमातला मुघल सैनिक तर एवढंच करतो. आधी हसतो, मग मरतो.

पण औरंगजेबाच्या छावणीत लिहिणारी माणसं होती. त्यांनी आपल्या शत्रूबद्दल पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत. त्यात शिव्या आहेत, भीती आहे, कौतुक आहे आणि स्वतःच्याच सरदारांबद्दलचा वैतागही आहे. विशेष म्हणजे या लढाईतले अनेक निर्णायक प्रसंग आजच्या सातारा जिल्ह्यात घडले.

सुरुवात जावळीच्या जंगलापासून

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे उतरताना पर्यटक गाडी थांबवून फोटो काढतात. अंतर फार तर २०-२५ किलोमीटरचं, पण एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कडा आणि खाली कोयनेच्या खोऱ्यातलं दाट रान. हाच मुलूख विजापूरच्या सपाटीवरून आलेल्या घोडेस्वाराला कसा दिसला असेल?

१६५९ मध्ये अफझलखान याच जावळीच्या खोऱ्यात उतरला. विजापूर दरबाराच्या लेखी शिवाजी महाराज हे बंड करणाऱ्या एका जहागीरदाराचे पुत्र होते. त्या वर्षी जूनमध्ये कान्होजी जेधे यांना पाठवलेल्या फर्मानाचा सूरही तसाच आहे. शिवाजीने अविचाराने आगळीक चालवली आहे, तुम्ही खानाला मदत करा, असा त्याचा रोख होता. कान्होजी महाराजांकडे गेले. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र इथेच लक्षात ठेवायला हवी. खानाच्या फौजेत मराठे सरदारही होते. म्हणजे 'शत्रू' म्हणजे नेमकं कोण, हा गोंधळ पहिल्या मोठ्या लढाईपासूनच होता.

लिहिणारे होते कोण?

औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत आला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) मरेपर्यंत उत्तरेत परत गेला नाही. या २५ वर्षांबद्दल मुघल बाजूने फारसीत लिहिणाऱ्यांपैकी तिघे महत्त्वाचे आहेत.

पहिला साकी मुस्तैद खान. त्याचा 'मआसिर-इ-आलमगिरी' हा सरकारी कागदपत्रांवरून लिहिलेला, जवळपास अधिकृत म्हणावा असा इतिहास. तो १७१० मध्ये पूर्ण झाला. बादशहाचं चुकलं, असं वाक्य त्यात शोधूनही सापडणं कठीण.

दुसरा खाफी खान. याने दक्षिणेत वेगवेगळ्या पदांवर नोकरी केली आणि बऱ्याच नंतर, उतारवयात इतिहास लिहिला. त्यामुळे त्याच्याकडे ऐकीव माहितीही भरपूर आहे.

तिसरा, आणि सगळ्यात वाचनीय, भीमसेन सक्सेना. बऱ्हाणपुरात जन्मलेला हा कायस्थ दलपतराव बुंदेला या मुघल सरदाराच्या नोकरीत होता. जिंजीच्या वेढ्यात तो स्वतः हजर होता. त्याचा 'तारीख-इ-दिलकुशा' हा ग्रंथ कुणा बादशहासाठी लिहिलेला नाही, त्यामुळे त्यात मोकळेपणा आहे. रस्ते, धान्याचे भाव, देवळं, थकलेले पगार, सरदारांची भांडणं असं सगळं तो टिपत जातो.

हे साहित्य मराठी वाचकाला परकं राहिलेलं नाही. सेतु माधवराव पगडी यांनी ही मुघल साधनं मराठीत आणली. भीमसेनच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद तर महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागानेच १९७२ मध्ये प्रकाशित केला.

साध्या शिपायाची रोजनिशी मात्र आपल्याकडे नाही. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. त्यामुळे शिपाई काय विचार करत होता, हे त्याने काय केलं त्यावरूनच ओळखावं लागतं.

शिवी आणि कौतुक, एकाच लेखणीतून

मुघल कागदांत मराठ्यांसाठी सर्रास येणारा शब्द म्हणजे 'गनीम'. मूळ अर्थ लूट करणारा, वापरातला अर्थ शत्रू. पुढे 'लईम' म्हणजे नीच, असं विशेषणही लागतं. गंमत अशी की हाच शब्द मराठीत येऊन मुघलांनाच लागला आणि 'गनिमी कावा' म्हणून आपल्या अभिमानाचा भाग होऊन बसला.

खाफी खान शिवाजी महाराजांचा उल्लेख करताना सरळ शिवी देतो. १६८० मध्ये महाराजांचं निधन झालं तेव्हा 'काफिर नरकात गेला' अशा अर्थाच्या फारसी शब्दांतून मृत्यूचं वर्ष निघतं, हे तो हौसेने सांगतो. आणि तोच खाफी खान हेही लिहून ठेवतो की, शिवाजीने आपल्या लोकांना सक्त नियम घालून दिला होता. मशिदीला, कुराणाला आणि कुणाच्याही बाईला धक्का लागता कामा नये. कुराणाची प्रत हाती लागली तर ती आदराने ठेवून आपल्याकडच्या मुसलमान माणसाला दिली जायची.

आता यात खरा खाफी खान कोणता? दोन्ही. शिवी ही त्या काळच्या दरबारी लिखाणाची रीत होती. शत्रूचं नाव शिवीशिवाय लिहिणं म्हणजे आपल्या निष्ठेबद्दल शंका ओढवून घेणं. त्यामुळे शिवीवरून फार काही कळत नाही. शिवीनंतर तो काय नोंदवतो, ते पाहावं लागतं.

१६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले. बहादूरगडच्या छावणीत त्यांची धिंड काढण्यात आली आणि ११ मार्चला त्यांना क्रूरपणे ठार करण्यात आलं. मुघल इतिहासात या प्रसंगी विजयाचा उन्माद आहे, त्यात सहानुभूतीचा शब्द शोधू नये. वर्ष संपायच्या आत रायगडही पडला. विजापूर १६८६ मध्ये, गोवळकोंडा १६८७ मध्ये आणि आता हे. छावणीतल्या माणसाला वाटलं असणार की झालं, आता घरी जायचं.

घरी जायला त्यानंतर १८ वर्षं लागली. त्यातले बरेच जण गेलेच नाहीत.

'संताजी येतोय'

राजाराम महाराज रायगडावरून निसटून प्रतापगड, पन्हाळा असं करत १६८९ च्या अखेरीस जिंजीला पोहोचले. मराठ्यांकडे आता एक राजधानी, एक किल्ला, एक सेना असं काही उरलं नव्हतं. मुघलांची खरी अडचण तिथेच सुरू झाली. वेढा घालायचा तरी कशाला?

या काळातल्या मराठा सेनापतींपैकी मुघल लेखकांच्या मनावर सर्वांत खोल ओरखडा उमटवला तो संताजी घोरपडे यांनी. घोडी पाण्याला तोंड लावेनात तर 'पाण्यात संताजी-धनाजी दिसतात काय?' असं मुघल स्वार विचारायचे, ही गोष्ट मराठी घरांत सगळ्यांनी ऐकलेली असते. ही आपल्या बाजूची कथा आहे म्हणून ती सोडून देऊ. पण खाफी खान काय म्हणतो? त्याच्या लिहिण्याचा आशय असा: संताजीशी ज्याची गाठ पडली तो मेला, जखमी होऊन कैद झाला किंवा फौज आणि सामान गमावून जीव घेऊन पळाला. तो जिकडे जाईल तिकडे त्याला अडवायला बादशहाचा एकही मोठा अमीर धजत नव्हता.

शत्रूच्या इतिहासकाराने दिलेलं याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं असणार!

नोव्हेंबर १६९५ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या दोड्डेरीला संताजींनी कासिम खान आणि खानाजाद खान यांच्या फौजेला कोंडलं. हे सरदार बादशहाच्या खास मर्जीतले. सैन्य छोट्या गढीत अडकलं, दाणागोटा संपला. कासिम खानाला अफूचं व्यसन होतं. अफू न मिळाल्यामुळे तो गेला, असं एक मत आहे आणि अपमान टाळण्यासाठी त्याने विष घेतलं, असं दुसरं. उरलेल्यांनी २० लाख रुपये खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. हत्ती, घोडे, सामान मराठ्यांकडे गेलं. दोनच महिन्यांत, जानेवारी १६९६ मध्ये, हिंमत खान हा दुसरा सरदार संताजींशी लढताना मारला गेला.

इथे एक बारकावा आहे. खंडणी घेऊन शत्रूला सोडणं ही दोन्ही बाजूंची ओळखीची पद्धत होती. कैदी जिवंत असेल तरच त्याची किंमत. त्यामुळे शत्रूशी बोलावं लागायचं, भाव करावा लागायचा, शब्द पाळावा लागायचा. ज्याच्याशी तुम्ही घासाघीस केली तो माणूस तुम्हाला राक्षस वाटणं जरा अवघड असतं.

संताजींचा शेवट मुघलांच्या हातून झालाच नाही. धनाजी जाधव आणि राजाराम महाराजांशी बिनसल्यावर ते एकटे पडले. जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगररांगेत, म्हणजे आजच्या माण तालुक्याच्या परिसरात, म्हसवडच्या नागोजी माने यांनी त्यांना गाठून मारलं. जुन्या वैराचा हा सूड होता असं सांगितलं जातं. शीर औरंगजेबाकडे गेलं. ज्याची दहशत सगळ्या छावणीला होती, त्याला एका मराठ्यानेच संपवलं.

सातारा, १३ एप्रिल १७००

भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला चार वर्षं तळ ठोकल्यानंतर ऑक्टोबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः मोहिमेवर निघाला. वय ऐंशीच्या पुढे. ठरवलं एकच: मराठ्यांचे किल्ले एकेक करून घ्यायचे. कऱ्हाडजवळचा वसंतगड लगेच पडला. डिसेंबरमध्ये फौज साताऱ्याच्या किल्ल्याखाली आली.

आज साताऱ्यात राहणाऱ्यांना या वेढ्याचा नकाशा सहज कळेल. ग्रँट डफने, जो पुढे साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट होता, तो सांगितला आहे. बादशहाचा तंबू उत्तरेला करंजे इथे, शहजादा आझम पश्चिमेला शहापूरला, शिर्जे खान दक्षिणेला आणि पूर्वेला तर्बियत खान. वर प्रयागजी प्रभू किल्ला झुंजवत होते. बाहेरून धनाजी मुघलांची रसद तोडत होते. परळीच्या किल्ल्यावरून, म्हणजे आजच्या सज्जनगडावरून, परशुराम त्र्यंबक किल्ल्यात धान्य पोहोचवत होते. ग्रँट डफ तर असंही लिहितो की, यासाठी खुद्द शहजादा आझमकडून डोळेझाक विकत घेतली होती! बादशहाचा मुलगा बादशहाच्या वेढ्यातून धान्य जाऊ देतो, यावर त्या खंदकात बसलेला शिपाई काय म्हणत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

चार महिने झाले तरी किल्ला पडेना. तटाखाली सुरुंग खणले गेले. १३ एप्रिल १७०० ला पहिला सुरुंग उडाला आणि आत बरेच मराठे गाडले गेले. प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्याखाली सापडले, पण वाचले. आता हल्ला करायचा म्हणून मुघल सैनिक तटाखाली गोळा झाले. तेवढ्यात दुसरा सुरुंग उडाला आणि तटाचा प्रचंड भाग बाहेरच्या बाजूला, त्यांच्याच अंगावर कोसळला. सुमारे २,००० माणसं गेली. स्वतःच पेरलेल्या दारूने.

पुढचा प्रसंग खाफी खानाने सांगितला आहे. पायदळातल्या लोकांनी पाहिलं की आपले भाऊ, मुलं, मित्र दगडांखाली आहेत आणि त्यांना काढायची कुणालाच घाई नाही. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांवर ते संतापले. वेढ्यासाठी प्रचंड खर्च करून लाकडाचा उंच दमदमा उभारला होता, त्याला त्यांनी रात्री आग लावून दिली. दबलेल्यांना निदान अग्नी तरी मिळावा, हाही हेतू असावा, कारण त्यात हिंदू पायदळ मोठं होतं. ती आग सात दिवस धुमसत होती, आणि ढिगाऱ्यात जिवंत अडकलेले हिंदू-मुसलमान दोन्ही त्यात जळाले.

रोजनिशी न लिहिणाऱ्या शिपायाचं मत हवं असेल, तर ते हे आहे. त्या रात्री त्याचा राग किल्ल्यावरच्या मराठ्यांवर नव्हता.

दरम्यान मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं होतं. २१ एप्रिलला साताऱ्याचा किल्ला वाटाघाटीने मुघलांकडे गेला. आझमने बोलणी घडवली म्हणून त्याचं नाव ठेवलं 'आझमतारा'. जूनमध्ये परळीही मिळाला. आणि मग पाऊस आला.

सह्याद्रीचा पाऊस हा या फारसी ग्रंथांतला जवळपास स्वतंत्र शत्रू आहे. ओढे ओलांडताना वाहून गेलेले उंट, चिखलात बसलेले बैल, दाणा न मिळाल्याने मेलेले घोडे यांची वर्णनं पुन्हा पुन्हा येतात. परळीहून परतताना कृष्णा दुथडी भरून वाहत होती आणि होड्या मोजक्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रात्री माण नदीकाठी खवासपूरच्या तळात पुराचं पाणी शिरलं. मराठे आले असं समजून बादशहा घाईने बाहेर पडला, पडला आणि गुडघा दुखावून घेतला. त्यानंतर तो लंगडतच चालत राहिला. खुशमस्कऱ्यांनी त्याचंही भांडवल केलं. मूळ पुरुष तैमूरही लंगडाच होता ना!

'एक विधवा आणि दोन लहान मुलं'

राजाराम महाराजांच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा मुघल छावणीत नगारे वाजले. खाफी खान सांगतो की, आता मागे उरली आहे ती एक असहाय बाई आणि लहान मुलं, त्यांचा बंदोबस्त करायला वेळ लागणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. पुढे तोच कबूल करतो की हा अंदाज साफ चुकला. ताराबाईंनी सूत्रं हातात घेतली आणि मराठ्यांच्या फौजा माळव्यात मंदसोर-सिरोंजपर्यंत जाऊन पोहोचल्या. तिला तो हुशार आणि जाणती म्हणतो. भीमसेन एक पाऊल पुढे जातो. ती नवऱ्यापेक्षा जास्त समर्थ राज्यकर्ती होती आणि तिच्या हुकमाशिवाय एकही मराठा सरदार हलत नव्हता, अशी त्याची नोंद आहे.

मराठे आता नुसती लूट करून जात नाहीत, हेही खाफी खानाच्या लक्षात आलं होतं. ते मुघल मुलखात आपले सुभेदार, कमाविसदार नेमतात, वाटेवर जकात वसूल करतात, म्हणजे बादशाही कारभाराचीच नक्कल करतात, असं तो लिहितो. निकोलाओ मनुची हा इटालियन प्रवासी तेव्हा मद्रासकडे राहत होता. त्याचंही निरीक्षण तेच: मराठ्यांकडे आता तोफा, बंदुका, हत्ती, उंट, तंबू सगळं आहे आणि ते मुघल फौजेसारखेच वावरतात.

ज्याला लुटारू म्हणून हिणवलं, तो आपल्यासारखा दिसायला लागला. छावणीतल्या माणसासाठी हा मोठाच धक्का असणार.

मग शत्रू नेमका कोण?

इतिहासकार एम. अथर अली यांनी औरंगजेबाच्या मनसबदारांची मोजणी केली होती. १६७९ ते १७०७ या काळात एक हजार किंवा त्याहून वरच्या दर्जाचे ५७५ मनसबदार त्यांना सापडले. त्यांतले ९६ मराठा होते. राजपूत ७३. म्हणजे मराठ्यांशी लढणाऱ्या फौजेच्या वरच्या फळीत राजपुतांपेक्षा मराठे जास्त होते.

हा आकडा पाहून 'म्हणजे संघर्ष वगैरे काही नव्हताच' असा निष्कर्ष काढणारे असतात. तो चुकीचा आहे. संघर्ष होता आणि तो अतिशय रक्तरंजित होता. यातल्या कित्येकांना मनसबी दिल्या गेल्या त्या मुळात फितवण्यासाठीच. पण शेजारच्या तंबूत मराठा सरदार, समोरच्या किल्ल्यावर त्याचा भाऊबंद आणि आपला धनी बुंदेला, अशा जागी बसून भीमसेन लिहीत होता. त्याच्या लिखाणात शत्रूला एकच एक चेहरा नाही, यात नवल नाही.

भीमसेनचा राग खरं तर दुसरीकडे आहे. जहागिरी कागदावर मिळतात, वसूल होत नाहीत. पगार नाही म्हणून मनसबदार पुरेसे शिपाई ठेवत नाहीत. रयत दोन्ही बाजूंच्या वसुलीने पिचून शेती सोडते, हत्यार उचलते आणि मराठ्यांना जाऊन मिळते. सरदार मराठ्यांशी आतून समझोते करतात. जिंजीचा वेढा आठ वर्षं का चालला, यामागे आपल्याच सेनापतींची चालढकल होती, असं तो सुचवतो. १६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली तेव्हा राजाराम महाराज आधीच निघून गेले होते. सेनापती झुल्फिकार खानाने त्यांना जाऊ दिलं, हा संशय तेव्हाच घेतला गेला.

किल्ले घेण्याची पद्धतही तशीच. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असे बहुतेक किल्ले शेवटी किल्लेदाराला पैसे मोजून ताब्यात आले. मुघल फौज पुढे सरकली की मराठे ते परत घेत.

या सगळ्यात भीमसेनचा एक उतारा वाचकाला थांबवतो. बादशहा शहरात राहत नाही, म्हणून लोकांनी आपली कुटुंबं छावणीतच आणली. तिथेच मुलं जन्मली, मोठी झाली, म्हातारी झाली. त्यांनी घर कसं दिसतं ते कधी पाहिलंच नाही. या जगात तंबूशिवाय दुसरा आसरा असतो, हेच त्यांना माहीत नव्हतं, अशा आशयाचं तो लिहितो. दक्षिणेतल्या या मोहिमेत दर वर्षी एक लाख माणसं मरत होती, असा मनुचीचा अंदाज आहे. तो अतिशयोक्त असू शकतो. पण तंबूतल्या त्या पिढीचा उल्लेख खोटा वाटत नाही.

पॅसिफिकच्या बेटांवरही हेच?

जवळून लढणारा आणि लांबून लिहिणारा यांच्या नजरेतला हा फरक फक्त दख्खनचा नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी सरकारने अमेरिकनांचं चित्र राक्षस आणि पशू असं रंगवलं होतं. सोबत दुसरंही सांगितलं जायचं. अमेरिकन माणूस चैनीला सोकावलेला आहे, मरणाला भितो, त्याला लांबलचक लढाई झेपणार नाही. १९४४ मध्ये सायपन बेटावर अनेक जपानी नागरिकांनी अमेरिकनांच्या हाती लागण्यापेक्षा कड्यांवरून उड्या घेतल्या, त्यामागे हाच प्रचार होता. जपानी शिपाई मात्र रोजनिशी लिहीत असत आणि त्यातल्या हजारो अमेरिकेच्या हाती लागल्या. त्यांत राक्षसांपेक्षा भूक, ताप आणि न थांबणारा तोफांचा मारा जास्त आहे.

इवो जिमा बेटाचा सेनापती तादामिची कुरिबायाशी याने १९२० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत काही काळ घालवला होता. अमेरिकेची कारखानदारी त्याने डोळ्यांनी पाहिली होती आणि या देशाशी जपानने लढू नये, असं त्याचं मत होतं. म्हणूनच १९४५ मध्ये त्याने ओरडत धावून जाण्याचे आत्मघाती हल्ले थांबवायला लावले आणि सैन्याला भुयारांत बसवलं. शत्रूला ओळखणारा माणूस त्याच्याशी जास्त चिवटपणे लढला. त्याच्या सुमारे २१ हजार सैनिकांपैकी कैद झाले ते अगदी थोडे.

दख्खनशी तुलना इथे तुटते. पॅसिफिकमध्ये शरण जाणं दोन्ही बाजूंनी जवळपास बंद झालं होतं. जॉन डॉवर या इतिहासकाराने 'वॉर विदाउट मर्सी' या १९८६ च्या पुस्तकात दाखवलं आहे की, दोन्हीकडच्या वंशद्वेषी प्रतिमांनी ही लढाई किती निर्दय केली. दख्खनमध्ये क्रौर्य कमी नव्हतं, पण खंडणी, फितुरी, वाटाघाटी, सोयरसंबंध असे शत्रूकडे जाणारे रस्ते उघडे होते. त्याच रस्त्यांनी माहिती आली आणि ती भीमसेनच्या वहीत उतरली.

दिलकुशा लिहिला जात होता तेव्हा

औरंगजेब १७०७ मध्ये मेला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच्या मुलांमध्ये आग्र्याजवळ जाजऊला लढाई झाली आणि तीत भीमसेनचा धनी दलपतराव बुंदेला मारला गेला. मराठ्यांशी वर्षानुवर्षं लढून जगलेला हा सरदार शेवटी मुघलांच्याच आपसातल्या लढाईत गेला. नोकरी संपली आणि भीमसेन आठवणी लिहायला बसला.

तोवर आझमने शाहू महाराजांना सोडून दिलं होतं. साताऱ्याचा किल्ला मराठ्यांनी परत घेतला होता. आझमतारा हे नाव मागे पडलं आणि पुढे तो अजिंक्यतारा म्हणून ओळखला जाऊ लागला. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. मुघल छावणीत आयुष्य काढलेल्या माणसाची लेखणी तेव्हा चालूच होती.